थकलेलं विमान

भाऊजी, तुमचा एक शब्द माझ्याकडे राहून गेला आहे. तो मी तुमच्या लेखातून काढला होता, तुम्हाला न विचारता, आणि तुम्ही असेपर्यंत परत केला नाही. तेरवी होऊन आज चार दिवस झाले. दिघोरीच्या तुमच्या अंगणातला मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी आसगावला माझ्या घरी येऊन कागद पुढे ओढला आहे. समोरचा माणूस उरला नाही की भित्र्यालाही धीर येतो, तसलाच हा धीर. तुमच्यासमोर तो मला कधी आला नाही.

तुमची जन्मतारीख, तुमची मुलं-नातवंडं हे सगळं पेपरातल्या चौकटीत येऊन गेलं. ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या बाईचे, नवरे. दिघोरीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलात आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत फिटर झालात. गावात तुम्हाला आडनावाने कोणी ओळखत नव्हतं, सदाशिव फिटर म्हटलं की पोर घरापर्यंत आणून सोडायचं. मी मात्र मराठीचा मास्तर, शुद्धलेखनाचा दरारा असलेला. आपल्या दोघांत शिकलेला कोण, हे मी आयुष्यभर गृहीत धरून चाललो.

त्या विमानाची सुरुवात तुमच्या चिखल्याच्या क्वार्टरमध्ये झाली. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही ड्युटीवरून आलात, हातपाय धुतले आणि खिशातून घडी केलेली दोन पानं काढली. वर्कशॉपमध्ये सुट्या भागांचं एक खोकं आलं होतं, त्यात भाग गुंडाळायला एका जुन्या इंग्रजी मासिकाची पानं वापरली होती. बाकीच्यांनी त्या कागदांना हात पुसले. तुम्ही हे दोन वाचवून आणलेत.

"परभाकर, तू इंग्रजी शिकून राहिला ना? हे वाचून सांग मले. एवढं मोठं विमान यायनं पान्यात कायले बुडवलं?"

चित्रात खरंच एक लांबलचक विमान लोखंडी टाकीत बसवलं होतं आणि त्याचे पंख टाकीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आले होते. आपण तळ्यांच्या जिल्ह्यातली माणसं. पाण्यात म्हशी बुडतात, अंबाडीच्या पेंढ्या बुडतात, भाद्रपदात गणपती बुडतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. विमान बुडवलेलं तुम्ही पहिल्यांदाच पाहत होता आणि ते तुम्हाला काही केल्या पटत नव्हतं.

मी डिक्शनरी घेऊन बसलो. पहिलं पान जमलं. विमानाचं नाव कॉमेट. प्रवाशांना घेऊन उडणारं जगातलं पहिलं जेट विमान. महायुद्धानंतर इंग्लंडात बांधलेलं. समोर गरगरणारे पंखे नाहीत, चार इंजिनं, आणि ती सगळी पंखांच्या मुळाशी आत दडवलेली. ढगांच्या वरून जायचं, इतकं शांत की लोक म्हणायचे, टेबलावर नाणं कडेवर उभं करा, पडणार नाही. आणि मग दोन-तीन वर्षांतच ही विमानं हवेतल्या हवेत फुटायला लागली. दोन तर इटलीजवळच्या समुद्रात पडली. तळातून तुकडे वेचून आणले, जुळवले, आणि कारण सापडेना म्हणून त्याच जातीचं एक धड टाकीत बसवलं.

तुम्ही चित्रावर बोट ठेवून म्हणालात, "चार इंजिनं हायेत आन दिसत एकही नाही. कारागीर हुशार होता गा."

दुसऱ्या पानावर माझी गाडी अडली. तिथे एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. डिक्शनरीत त्याचा अर्थ दिला होता, थकवा. मला काही बोध होईना. पण मला समजलं नाही, असं तुम्हाला सांगायचं म्हणजे माझ्या बी.ए.ला कमीपणा. मी ठोकून दिलं, "चालवणारे पायलट थकायचे, म्हणून अपघात व्हायचे."

"मंग विमानाले कायले बुडवलं?"

"पंक्चर बघायला. सायकलची ट्यूब नाही का बुडवत घमेल्यात, बुडबुडे बघायला, तसं."

तुम्ही ते चित्र पुन्हा जवळ ओढलंत. बाई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिलाही हसू येत होतं. मग तुम्ही म्हणालात, "पायलट थकले असते तं त्यायले झोपवलं असतं. विमानाले कोन पान्यात झोपवते? तुह्या पुस्तकात थकवाच लिवला हाय ना? मंग विमानच थकलं असंल. आमचा दोर नाही थकत?"

मी हसलो. लोखंडाला काय जीव आहे थकायला, असं काहीतरी म्हणालो. कवितेत चालेल भाऊजी, असंही म्हणालो. तेव्हापासून आपला वाद सुरू झाला. तो आता मी एकटाच पुढे नेतो आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्कशॉपच्या मागच्या आवारात नेलंत. खाणीत माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याचा तारांचा दोर तिथे काढून ठेवला होता. मनगटाएवढा जाड, तेल पाजलेला, काळा चकचकीत. गंजाचा एक ठिपका नाही. मी विचारलं, एवढा चांगला दोर काहून काढला? तुम्ही माझ्या हातात सुती चिंधी दिलीत आणि दोराभोवती गुंडाळून पुढे सरकवायला सांगितलंत. चिंधी सरकत गेली आणि एका जागी अडकली. तिथे केसाएवढी एक तार तुटून वर आली होती. थोडं पुढे आणखी एक.

"चाकावरून रोज वाकते, रोज सरळ होते. दिसाले काही नाही. पन आतून थकते. गंजला तं डोळ्याले दिसते, थकला तं हातालेच समजते. रोज हात फिरवा लागते मास्तर, नाही तं एका दिवशी माणसं घेऊन खाली जाईन."

मी अजून मास्तर झालो नव्हतो, तरी तुम्ही मला मास्तर म्हणायचात. मेहुण्याची थट्टा होती ती. मी चिंधी परत दिली आणि म्हणालो, "तुमच्या भाषेत थकला म्हणत असाल. शास्त्रात असं नसतं." डिक्शनरीतला शब्द आणि चिंधीत अडकलेली तार, दोन्ही माझ्यासमोर होते. तरी मी हे म्हणालो. आज लिहितानाही कान तापतात.

पुढची कितीतरी वर्षं तुम्ही त्या विमानामागे होता. डिक्शनरी विकत घेतलीत. खाणीतल्या एका इंजिनिअर साहेबांना गाठून त्या दोन पानांचा शब्द न् शब्द समजून घेतलात. पाणीच का, याचं उत्तरही तुम्हीच मला आणून दिलंत. वर उडताना विमानात हवा दाबून भरावी लागते. उडालं की फुगतं, उतरलं की बसतं. तेच टाकीत करून बघायचं होतं. पण हवेने फुगवलेलं धड फुटलं तर बॉम्बसारखं उडतं आणि कुठून फाटलं ते कळत नाही. पाणी दबत नाही, म्हणून पाण्यात नुसतं फाटतं आणि जागा सापडते. हजारावर उड्डाणं त्या धडाने टाकीतच बसून केली, आणि एक दिवस ते कोपऱ्याशी फाटलं.

"कोपरा," तुम्ही बाईला सांगत होता. "खिडकीले कोपरा ठेवला का सगळा जोर तिथंच येते."

बाई पिशवी शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "हे मले विचारलं असतं तं मीच सांगतलं असतं. कोपऱ्याले दोन टाके जास्त घालाच लागते." तुम्ही इतके खूश झालात की आठवडाभर येईल त्याला ते सांगितलंत. बाईला इंग्लंडात पाठवायला पाहिजे होतं, म्हणायचात.

त्या विमानाच्या पुढच्या नशिबाचं तुम्हाला मनापासून वाईट वाटायचं. त्याची चूक शोधून काढली, जाड पत्रा घेतला, खिडक्या गोल केल्या, ते पुन्हा उडालं. पण तोवर अमेरिकेची मोठी विमानं पुढे निघून गेली होती. त्यांनी त्याच्याच चुकीवरून शिकून घेतलं. पहिला जो होता तो मागे राहिला. तुम्ही म्हणायचात, "त्यानं मार खाल्ला, बाकीच्यायनं धडा घेतला." हे सांगताना तुमचा आवाज घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा व्हायचा.

निवृत्त होऊन तुम्ही दिघोरीला आलात, आणि तिथल्याच शाळेत मी होतो. शाळेच्या महोत्सवाची स्मरणिका निघायची होती. संपादक मी. माजी विद्यार्थ्यांकडून लेख मागवले आणि सगळ्यांत आधी तुम्ही आलात. एका बाजूला लिहिलेले आखीव कागद, समास सोडलेला, शाईचा एक डाग नाही. मथळा होता 'थकलेलं विमान'.

"शुद्धलेखन पाह्य. बाकी जसं हाय तसं राहू दे," तुम्ही म्हणालात. आणि घरी गेलात.

लेख चांगला होता, भाऊजी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. मी वर्षानुवर्षं मुलांना निबंध शिकवले, पण तुमच्यासारखं मला एक पान लिहिता आलं नाही. तुम्ही चिखल्याच्या दोरापासून सुरुवात केली होती आणि वाचणाऱ्याला बोट धरून त्या टाकीपर्यंत नेलं होतं. मला खुपला तो फक्त एक शब्द. धातू थकला. विमान थकलं. पत्रा थकला. पानापानावर तेच. मी ते वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचे मुख्याध्यापक, संस्थेची मंडळी आणि स्टाफरूम येत होती. प्रभाकररावांचे भाऊजी, आठवी पास, लिहितात की विमान थकलं. लोक हसतील. तुम्हाला हसतील याची मला काळजी नव्हती, मला हसतील याची होती. तुमची मला लाज वाटत होती, भाऊजी. हे लिहायलाच मी बसलो होतो आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिलो.

मी लाल पेन घेतला आणि जिथे जिथे 'थकला' होतं तिथे 'गंजला' केलं. मथळा केला 'गंजलेलं विमान'. मग दोराबद्दलचं तुमचं ते वाक्य आलं, गंजला तर डोळ्याला दिसतं, थकला तर हातालाच कळतं. तिथे शब्द बदलून वाक्याला अर्थच उरेना. त्या वेळी तरी मी थांबायला हवं होतं. मी आख्खं वाक्य खोडलं.

कार्यक्रमाला नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक पाहुणे होते. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी बाई. पाहुण्यांनी स्मरणिका चाळत चाळत भाषण केलं आणि तुमच्या लेखापाशी थांबले. म्हणाले, विषय फार छान निवडला आहे. पण लेखकांना एक सांगावंसं वाटतं. हे विमान ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. आणि या विमानामुळे जो शब्द जगभर सगळ्यांच्या तोंडी आला, नेमका तोच लेखकांना ठाऊक नाही. धातूचा थकवा. धातू थकतो हो, ते हसून म्हणाले, तुमच्या-माझ्यासारखाच.

सगळा मांडव हसला. पाहुण्यांनी विचारलं, लेखक आले आहेत का? मुख्याध्यापकांनी तुमच्याकडे हात केला. तुम्ही उठून उभे राहिलात. मी माइकपाशी हारांचं ताट धरून उभा होतो, तुमच्यापासून दहा पावलांवर. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं आणि मास्तर त्याच्याकडे आशेने बघतो, तसं पाहिलंत. मी हारांकडे पाहिलं.

"चुकी झाली साहेब," तुम्ही म्हणालात. "आठवीपर्यंतच शिकलो मी."

पुन्हा लोक हसले, या वेळी मायेने. आणि मीही हसलो. ते हसू मला अजून गालांवर जाणवतं.

घरी जाताना तळ्याच्या पाळीवरून आपण तिघं चाललो होतो. मी शब्द जुळवत होतो. तुम्हीच बोललात, "यंदा धान बरं दिसून राहिलं." मग शेजारचे कोणी भेटले, त्यांनी कार्यक्रम कसा झाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "परभाकरनं लय मेहनत घेतली." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तरी भांडलो असतो, आणि भांडणात खरं बाहेर पडलं असतं.

त्यानंतर तुम्ही काही लिहिलं नाही. एकदा मी उगाच विचारलं, आणखी एखादा लेख द्या ना, तर म्हणालात, "आता लिहून काय करू गा." मी सुटलो असं मला वाटलं होतं. दरवर्षी वाटायचं, या दिवाळीला सांगू, या आषाढातल्या अखाडीला सांगू. मग वाटायला लागलं, आता इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, तेही विसरले असतील.

तुम्ही विसरला नव्हता. आपण तिघं तुमच्या मुलाकडे पुण्याला विमानाने गेलो, तुमचा आयुष्यातला पहिला आणि एकच प्रवास. तुम्ही खिडकीशी बसलात, ढगांकडे पाहिलंच नाही. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलंत, सगळीकडून, एकदा आणि पुन्हा एकदा. "गोल हाय," म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. मी समोरच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड काढून मन लावून वाचायला लागलो.

आणि मग भंडाऱ्याचा दवाखाना. तुम्ही उशीवर इतके लहान दिसत होता. नर्सने विचारलं, "कसं वाटते बाबा?"

तुम्ही म्हणालात, "थकलो पोरी. गंजलो नाही."

तिला काही कळलं नाही. ती हसून सलाइन बघून गेली. तुम्ही माझ्याकडे पाहत होता, आणि ओठांच्या कोपऱ्यात तीच जुनी थट्टा होती. इतकं सोपं करून दिलंत तुम्ही मला. दार उघडून धरलंत, मला फक्त पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "चहा आणू का भाऊजी?"

थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "आन."

मी चहा घेऊन आलो तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. त्या दोन दिवसांत तुम्ही अनेकदा जागे होता, मी खोलीतच होतो, आणि मी धानाबद्दल बोललो.

तेरवीच्या दुपारी पंगती उठल्यावर बाईने मला आत बोलावलं. तुमची पेटी उघडून तिने स्मरणिका काढली, बासनात बांधलेली. मला वाटलं, आत तुम्ही माझा प्रत्येक 'गंजला' खोडून वर 'थकला' लिहिलं असेल. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. शब्दांना तुम्ही हात लावला नव्हता. लेखाच्या शेवटी तुमचं नाव छापलं होतं, फक्त त्याच्या मधोमध, ते खोडणारी निळ्या शाईची एक सरळ रेघ होती, पट्टी लावून मारलेली.

मी स्मरणिका मिटली. बाईच बोलली.

"मले मालूम होतं. लेख त्यायनं पयले मलेच वाचून दाखवला होता. मले त्याच दिवशी तुले विचाराचं होतं, पन त्यायनं अडवलं. म्हने, तू नको बोलू, परभाकर आपनच सांगन. दरवर्षी म्हने." तिने पेटीचं झाकण लावलं. "आता त्यायच्यावर काही लिहिजो. पन त्यायचे शब्द बदलवू नको."

भाऊजी, तुमच्या चिंधीसारखा हात मी कधी स्वतःवरून फिरवला नाही. फिरवला असता तर जागोजागी अडकला असता, म्हणूनच फिरवला नाही. तुम्ही मात्र माझी वाट पाहिलीत. मी सांगेन असं तुम्हाला वाटत राहिलं, आणि एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी ठेवलेला मला आठवत नाही. तो मी वाया घालवला. बाईचं मी ऐकतो आहे. या लेखाला तुमचाच मथळा दिला आहे, आणि संपादक म्हणून जे त्या वर्षीच छापायला हवं होतं ते खाली देतो.

शुद्धिपत्र. शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेतल्या 'गंजलेलं विमान' या लेखाचा मथळा 'थकलेलं विमान' असा वाचावा. लेखात जिथे जिथे 'गंजला' आहे, तिथे तिथे 'थकला' असं वाचावं. दोराविषयीच्या मजकुरात पुढील वाक्य गाळलं गेलं आहे: दोर गंजला तर डोळ्याला दिसतं, थकला तर हातालाच कळतं. या चुका लेखकाच्या नाहीत, छापखान्याच्याही नाहीत. त्या संपादकाने जाणूनबुजून केल्या. लेखाखालचं नाव बरोबर आहे, ते तसंच वाचावं:

सदाशिव फिटर, दिघोरी.